दवंडी न झालेली चौकशी

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी तेवीस वर्षांचा होतो. हे वय आईनं सांगितलेलं, कागदावर कुठं नाही. शाळा दुसरीपर्यंत, तीही व्हरांड्यात बसून. तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका सापडतील. ज्याला काढायच्या त्यानं काढाव्यात, मी काय आता सुधारत नाही.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या खालच्या अंगाला. गाव एका बाजूला, आमचा महारवाडा दुसऱ्या बाजूला, मध्ये ओढा. म्हातारी माणसं सांगायची की हा ओढा पूर्वी उन्हाळ्यात कोरडा पडायचा. कालव्यानं वर ऊस झाला आणि उसाचं पाझरलेलं पाणी बारा महिने ओढ्यात उतरायला लागलं. ऊस दुसऱ्याचा, चिखल आमचा. दुकान, शाळा, चावडी, एसटीचा थांबा, सगळं पलीकडं. आजारी माणूस घोंगडीच्या झोळीत घालून आम्ही मांडीएवढ्या राडीतून नेत होतो. माझ्या थोरल्या बहिणीला बाळंतपणात असंच नेलं. ती थांब्यापर्यंत पोचली, पुढं नाही.

त्या साली सरकारनं ओढ्यावर पूल मंजूर केला. ओव्हरसियर सायकलवर आला. आमच्या उताराला त्यानं खुंट्या ठोकल्या, मापाच्या साखळीचं एक टोक मी धरलं. माणूस पुण्याकडचा, पण आमच्या घरी बसून कोरा चहा प्याला. जाताना म्हणाला, "तुमच्या वस्तीच्या रस्त्यासाठी मंजूर झालेला पैसा आहे हा. दिवाळीपर्यंत पूल उभा राहील."

पूल उभा राहिला, पण त्या खुंट्यांवर नाही. दोन फर्लांग वर, जिथं पाटलाच्या उसाच्या गाड्या ओढ्यात रुतायच्या, तिथं दगड येऊन पडला, सिमेंट आलं, गवंडी आले. खुंट्या कुणी उपटल्या ते कळलं नाही. ओव्हरसियर पुन्हा दिसला तेव्हा मी त्याची सायकल अडवली. तो हँडलकडं बघत म्हणाला, "वरून बदल झाला."

"वर म्हंजी कुठं, साहेब? वर तर उसाचं रान हाय."

त्यानं घंटी वाजवली आणि गेला.

पुलाचं उद्घाटन होतं त्या दिवशी मांडव, हारतुरे, पाटलाच्या डोक्याला कोरा फेटा. तालुक्याहून साहेब आलेले. आम्ही चारदोन जण मागं उभे. भाषणं संपली आणि कुणाला काही विचारायचंय का, असं साहेब आपला रीत म्हणून बोलले. मी बोललो.

"साहेब, पूल झकास झाला. पन ह्यो आमच्या वस्तीच्या नावानं आला हुता. हितनं वस्तीला जायचं तर उसातनं जावं लागतंय, आन उसात शिरलं की राखण्या दांडकं घिऊन उभा. तवा आमी ह्यो पूल वापरायचा कसा, तेवढं सांगून जावा."

माणसं हसली. साहेबही आधी हसले. मग त्यांनी पाटलाकडं वळून विचारलं, "हा काय म्हणतोय?"

"पोरगं हाय साहेब," पाटील म्हणाला. "म्हमईला गिरणीत ऱ्हाऊन आलंय, वारं लागलंय."

मी तोवर मुंबई बघितली नव्हती. पण साहेबांच्या कारकुनानं काहीतरी टिपून घेतलं आणि ते पाटलानं पाहिलं. मीही पाहिलं, आणि पाटलानं माझ्याकडं पाहिलं.

पुढच्या आठवड्यात आमची वस्ती पेटली. भर दुपारी. बायाबापड्यांसकट सगळे ऊसतोडीला गेलेले. ओढ्याच्या अंगची चार घरं जळाली, त्यातलं एक माझं. वस्तीत फक्त माझा चुलता होता. त्याला सगळे तात्या म्हणत. कमरेतून गेलेला, काठीवर चालणारा. त्यानं दोन शेरडं बाहेर ओढली आणि स्वतःचा उजवा पंजा भाजून घेतला. त्याला पळणारांच्या पाठी दिसल्या, तोंडं नाही. नजर अधू होती. आवाज मात्र चोख ऐकू आला. जातीवरून एक शिवी, ती मी इथं लिहीत नाही, आणि पुढं, "आता पळा तुमच्या पुलावरनं!" एवढं ओरडून ते उसात शिरले.

ठाण्यात गेलो तर फौजदारानं लिहायला घेतलं, चुलीतली ठिणगी उडून आग.

मी म्हटलं, "साहेब, दुपारची येळ. चुली सकाळीच इजवून समदी कामावर ग्येली हुती."

"तू होतास का तिथं?"

"न्हाय."

"मग तुला काय माहीत?"

"चूल माझीच हुती. पानी म्याच वतलं हुतं."

"अंगठा दे इथं."

"मला सही येती. आन ठिणगी लिव्हलं आसंल तर सहीबी न्हाय मिळायची."

त्यानं कागद बाजूला सारला. बाहेर आल्यावर तात्या म्हणाला, "लेका, सही येती म्हनून सांगायला आलता का आग सांगायला?" मी तर दोन्ही सांगायला आलो होतो.

तिथून आम्ही प्रांतसाहेबांच्या कचेरीत गेलो. दिवसभर पायरीवर बसलो. संध्याकाळी साहेब बाहेर पडताना तात्यानं भाजलेला पंजा पुढं केला. साहेब थांबले. उभ्या उभ्याच सगळं ऐकलं, पुलाचं आणि आगीचंही. तरुण माणूस, नवा आलेला. म्हणाले, "गावात येऊन दोन्हींची चौकशी करतो. आधी गावात दवंडी होईल. ज्यांनी काही पाहिलं असेल त्यांनी त्या दिवशी चावडीवर यायचं. कोणीच आलं नाही तर मात्र प्रकरण बंद. मग मला पुन्हा पुन्हा येता येणार नाही."

आम्ही खुशीत चालत घरी आलो. दवंडी हा शब्द दोघांनीही ऐकला आणि दोघांच्याही डोक्यात शिरला नाही.

तो का शिरला नाही, हे सांगायला थोडं मागं जातो. आदल्या साली आम्ही धर्म बदलला होता आणि धर्माबरोबर गावकीही टाकली होती. गावकी म्हणजे गावाची कामं. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन परगावी पळायचं, सरपण फोडायचं आणि डफडं वाजवत गल्लीगल्लीतून दवंडी द्यायची. त्याच्या बदल्यात दारोदार शिळी भाकरी. दवंडीचा मान, मान म्हणजे काय ते तुम्ही समजा, आमच्या घराकडं होता. माझा आजा, बाप, मग तात्या. वस्तीची बैठक झाली आणि मीच डफाचं कातडं सुरीनं फाडलं, नुसतं कडं चावडीच्या पायरीवर नेऊन ठेवलं. बैठकीत ठरलं की इथून पुढं जो डफ हातात धरील त्याच्याशी रोटीबेटी बंद. पाटलानं मग मांगांच्या दोन घरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, त्यांनी सोडलं ते आम्ही कशाला उचलू. रामोशाला सांगितलं. तो म्हणाला, माझं काम राखायचं, बोंबलायचं नाही. तेव्हापासून गावात दवंडी नव्हती.

आम्हाला त्याचा आनंद होता. गावाचं तोंड बंद केलं असं वाटायचं. सरकारचं बोलणंही त्याच डफातून आमच्यापर्यंत येत होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. याला कुणी चूक म्हणेल. मी अजून म्हणत नाही. पण त्यातून पुढं जे झालं ते झालं.

आम्ही वाट बघत राहिलो. जळालेल्या घरांतली माणसं पांगली होती, कुणी सासुरवाडीला, कुणी तोडीवरच्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत. मी सगळ्यांना निरोप देऊन ठेवला होता की साहेब येणार कळलं की एका हाकेसरशी या.

बाजाराच्या दिवशी मी बारामतीला पोती उतरवायच्या कामावर गेलो होतो. आमच्या गावची एक माळीण तिथं भाजी घेऊन बसायची. तिचा मळा ओढ्याच्या काठाला, आमच्या वस्तीच्या अगदी समोर. मी तिला आक्का म्हणायचो. मला बघून तिनं वांग्यांवर पाणी मारायचं थांबवलं.

"काय रं, तुमी कुनी आला न्हाय ते?"

"कुठं?"

"कुठं म्हंजी? काल तुमच्या चवकशीचा सायेब चावडीवर बसून ग्येला की. पाटलानं कोंबडं कापलं. सायबानं खाल्लं न्हाय म्हनत्यात, कारकुनानं खाल्लं."

माझ्या पाठीवर पोतं होतं. ते मी तिथंच टाकलं.

"आमाला कुनी सांगितलंच न्हाय, आक्का."

"मलाबी कुठं सांगितलं? आमच्या धन्याला चावडीम्होरनं जाताना दिसलं." तिनं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी आगीच्या दिशी ओढ्याकडंला शेपू खुडत हुते."

"काय बघितलं?"

ती वांग्यांची जुडी लावायला लागली, वांग्यांची कधी जुडी लागत नाही. "माझ्या दाराम्होरं हाळी आली असती तर समद्या गावासंगं मीबी ग्येले असते. गाव चाललं म्हंजी कुनी नाव ठिवत न्हाय. एकटीनं उठून कशी जाऊ? मला ह्याच गावात नांदायचंय."

मी मजुरीला थांबलो नाही. इंदापूरकडं जाणारा एक ट्रक धरला आणि फाट्यावर उतरून तडक चावडी गाठली. पाटील तक्क्याला टेकून बसला होता.

"या," म्हणाला. "लई बिगी आलासा."

"साहेब आल्यालं आमाला का कळवलं न्हाय?"

"कळवलं की. दवंडी दिली म्हनून लिव्हून दिलंय सायबाला."

"कुनी दिली?"

तो हसला. तसं हसणं मी नंतर पुष्कळ बघितलं, पण पहिल्यांदा तेव्हा. "दवंडी द्यायचं काम कुनाचं रं? तुमचंच ना? तुमी टाकलं. आता तुमाला ऐकू आली न्हाय तर आमी काय करावं? तुमचं तुमालाच गोड."

माझा हात उठला होता. खरं सांगतो, उठला होता. तसाच खाली घेतला आणि विचारलं, "साहेब कुठं हायती?"

त्यानं तंबाखूची चंची उघडली. चावडीतला तलाठी मान खाली घालून लिहीत होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, "कालव्याच्या बंगल्यात मुक्काम आहे. उद्या हलतील."

बंगला चार कोसांवर. मी कालव्याच्या भरावावरून निघालो. दिवस कलायच्या आत पोचायचं होतं, कारण अंधारात शिपाई आत सोडत नाही. चालताना सगळं तोंडपाठ करत होतो, सायबासमोर काय आधी बोलायचं, काय नंतर. पोचलो तेव्हा साहेब व्हरांड्यात खुर्चीवर बसून दाढी करत होते आणि मला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"दवंडी झाली न्हाय," एवढंच बोललो.

त्यांनी आरशातूनच माझ्याकडं बघितलं. "झाली. पाटलांनी लिहून दिलंय. मी दोन तास बसलो होतो. तुमच्यातला एक माणूस आला नाही." आवाजात राग होता. मला वाटतं त्यांना आम्ही फसवलं असं वाटत होतं.

"दवंडी देनाऱ्याचं नाव सांगा, साहेब."

"ते मी कसं सांगणार?"

"कारकुनाला इचारा. कागदावर आसंल तर सांगंल."

कारकून आतून आला. नाव नव्हतं. साहेबांनी वस्तरा पुसून ठेवला. मी डफाची हकीकत सांगितली, कातडं फाडल्याची, मांगांची, रामोशाची. रामोशाचं उत्तर ऐकून कारकून हसला, साहेब हसले नाहीत. अर्धी दाढी तशीच साबणात होती.

"खोटं लिहून दिलं असेल तर त्याचं मी बघतो," ते म्हणाले. "पण आग कुणी लावली, पूल का हलला, हे मला माणसांच्या तोंडून पाहिजे. तुम्ही सगळे कामावर होता. तुमच्या चुलत्यानं पाठी पाहिल्या. एवढ्यावर मी काय करू? गावातलं माणूस बोललं पाहिजे." जरा थांबून म्हणाले, "उद्या सकाळी दहाला पुन्हा बसतो. हे शेवटचं. दवंडी मात्र झाली पाहिजे, नाहीतर उद्या पाटील म्हणेल गावाला न कळवता चौकशी केली."

कारकून म्हणाला, "पण साहेब, दवंडी देणार कोण?"

"हेच देतील की. प्रकरण यांचंच आहे."

ते सहज बोलले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनी काय मागितलं ते त्यांना कळलं नाही. मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

घरी आलो तोवर बरीच रात्र झाली होती. वस्तीतली राहिलेली माणसं तात्याच्या अंगणात जमली. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा सगळे पाटलाला शिव्या देत होते, मग माझ्यावर घसरले.

"तूच फाडलंस की कातडं," एक जण म्हणाला. "आता वाजीव टाळ्या."

तात्या म्हणाला, "मांगवाड्यातनं डफ मागून आना. मी वाजवतो. माझं काय ऱ्हायलंय? टाका मला वाळीत. माझ्या पोरींची लग्नं झाल्याती."

"न्हाय," मी म्हटलं.

"का न्हाय?"

"उद्या तू डफ घिऊन गल्लीतनं ग्येलास की परवा पाटील म्हनंल, बघा, आलं का न्हाय ताळ्यावर. मग ढोर ओढायलाबी बोलावंल."

"आन न वाजवता प्रकरण मिटलं मंग? मंग काय म्हनंल?"

जळालेल्या चार घरांतलं एक एका विधवेचं होतं. ती हाक ऐकून तोडीच्या कोपीवरून आली होती. ती म्हणाली, "माझं घर जळलं. डफ वाजला तरी मला चालंल, न वाजला तरी चालंल. तुमचा मान तुमी सांबाळा. पन उद्या दहाला गावातलं मानूस मला चावडीवर दिसलं पायजे. न्हाय दिसलं, तर मी दुसऱ्या बारीला घर बांधत न्हाय. जाते भावाकडं."

ती उठून गेली. तिच्यामागं एकेक जण उठले. कुणीच कुणाला काही ठरलं म्हणून सांगितलं नाही. तात्या मला म्हणाला, "तुझा हट्ट थोर हाय, पर तो चावडीवर साक्ष द्याला येनार न्हाय." मी त्याच्या पडवीत आडवा झालो. डोळा लागला नाही. डफ धरायचा नाही, हे नक्की होतं. बाकी काहीच नक्की नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तोंड धुतलं, धुवट सदरा घातला आणि ओढा उतरून गावात गेलो. हातात काही नव्हतं.

आमची माणसं दवंडी द्यायची ती चव्हाट्यावर लांब उभं राहून, पाटलाच्या हुकमानं असं म्हणून, स्वतःचं नाव न घेता. मी पहिल्या गल्लीतल्या पहिल्या घराच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. माझं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. म्हटलं, "प्रांतसाहेब आज धाला चावडीवर बसनार हायती. पुलाचा पैसा कुठं ग्येला आन आमची घरं कुनी जाळली, त्याची चवकशी हाय. ज्यानं बघितलं आसंल त्यानं यावं."

आतून म्हातारा बाहेर आला. "कुनाच्या हुकमानं सांगतोस रं?"

"हुकूम कुनाचा न्हाय, आबा. चवकशी माझी हाय, मी सांगतोय."

तो बघतच राहिला. मी दुसऱ्या दाराला गेलो. मग तिसऱ्या. एका घरातून भांडं आपटल्याचा आवाज आला, एका बाईनं लेकराला आत ओढलं, एकानं "पुढं व्हय" म्हणून हात केला. मी प्रत्येक ठिकाणी सगळंच्या सगळं बोललो, एक शब्द गाळला नाही. घसा बसत चालला होता. माझ्यामागं लोक ओट्यांवर येऊन उभे राहत होते, हे मला न वळताही कळत होतं.

पाटील ओट्यावर बसून दात घासत होता. मी त्याच्यासमोर उभा राहून माझं नाव सांगायला लागलो.

"मला सांगतोस व्हय?" तो म्हणाला.

"समद्यांना सांगतोय. तुमचं घर मधीच लागलं."

तो चूळ भरून थुंकला, माझ्या पायाशी. मी तिथंच उभा राहून पुलाचं आणि आगीचं पुरतं बोललो आणि मगच हललो.

माळ्याच्या घराचं दार अर्धं लोटलेलं होतं. आक्काचा धनी उंबऱ्यात उभा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "घरात कुनी न्हाय."

मी त्याच्याकडं बघून नाही, त्याच्या डोक्यावरून परसाकडं आवाज टाकून सगळं बोललो. बोलणं संपलं. आत रहाटाचा आवाज येत होता, तो थांबला. थोड्या वेळानं ती दारात आली, पदर खोचलेला, हात ओले. धन्याकडं तिनं बघितलंच नाही.

"कितीला म्हनलास?"

"धाला," मी म्हटलं, आणि पुढच्या दारी गेलो.